आबाचा बटणवाला रीडर

ही हकिगत सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. कुणी त्या कार्ड रीडरचा विषय काढला की मी केळीच्या भावावर जायचो, नाहीतर सरळ चहा टाकायला उठायचो. माझ्या चहा टाकण्याच्या उत्साहाचं घरात कौतुक व्हायचं. आता शहात्तर पूर्ण झाली. मी ज्याच्यावर खोटा आळ घेतला ते एक मुठीएवढं यंत्र होतं, आणि यंत्र काही आपली बाजू मांडायला येत नाही. शिवाय आळ नुसता यंत्रावर राहिला नाही. म्हणून जे घडलं ते क्रमानं लिहितो. पंचाईत अशी की यातला बराचसा भाग मजेचा आहे. लिहायला बसलो की मला आधी हसूच फुटतं.

आबा धुळ्याचा. मी यावलकडचा, नोकरीमुळे जळगावात स्थिरावलेला. दोघंही टेलिफोन खात्यात टेक्निशियन. जळगावच्या एक्स्चेंजमध्ये कितीतरी वर्षं आमची टेबलं शेजारी होती. त्याच्या बोलण्यात अहिराणी, माझ्यात आमच्याकडची बोली, आणि दिवसभर एकमेकांच्या बोलण्याची टिंगल. नंतर त्यानं धुळ्याला बदली करून घेतली. तेव्हा लाइन तपासायची म्हणजे हँडसेट जोडून कानाला लावायचा. आवाज स्वच्छ येतो की नाही एवढंच बघायचं असतं, पण लाइनवर माणसं बोलत असतात. कुठल्या व्यापाऱ्याचं मेहुण्याशी बिनसलं, कुठली सोयरीक मोडायला आली, आम्हाला सगळं ठाऊक. बाहेर आम्ही कधी चकार शब्द काढला नाही. पण ऐकायचो. आबा आवाज तपासून हँडसेट काढायचा. मी जरा जास्त वेळ लावून ठेवायचो. हे आधीच कबूल केलेलं बरं.

निवृत्तीनंतर दोनेक वर्षांत आबाची बायको गेली. मी तिला अक्का म्हणायचो. आबा काही महिने गप्प होता, आणि मग एका सकाळी त्याचा फोन आला.

"नाना, आसं कुलूप सापडनं ना, आपलं आख्खं खातं उनं तरी उघडाव नही!"

त्याला कॉम्प्युटरवर पत्रं कुलूपबंद करायची युक्ती सापडली होती. तिचे दोन भाग असतात. कुलूप जगाला वाटून टाकायचं, चावी आपल्याजवळ ठेवायची. तुमच्या कुलपानं कुणीही पत्र बंद करू शकतो, उघडतं फक्त तुमच्या चावीनं. आणि ही चावी बँकेच्या कार्डासारख्या एका कार्डातल्या चिपमध्ये राहते. ती कार्डाबाहेर कधी येतच नाही. पत्र उघडायचं काम चिप आतल्या आत करते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तारांत कान घालून बसलेल्या आम्हा दोघांना हे ऐकून जो आनंद झाला तो मला अजून नीट समजावता येत नाही. चोराला पहिल्यांदा चांगलं कुलूप दिसावं तसं काहीतरी झालं असेल.

कार्डं परदेशातून मागवली. ती आली, आणि मग लक्षात आलं की कार्डाला कॉम्प्युटरशी बोलायला रीडर लागतो. त्याशिवाय ते नुसतं प्लॅस्टिक. पंधरा दिवस आम्ही ती कार्डं खिशात घालून मिरवत होतो, मुहूर्त न निघालेल्या नवरदेवांसारखे.

आबा बसनं जळगावला आला आणि आम्ही दुकानं पालथी घालायला निघालो. पहिल्या दुकानात कॅमेऱ्याच्या नखाएवढ्या कार्डाचा रीडर पुढे केला. आबानं आपलं कार्ड त्याच्या फटीला लावून दाखवलं, म्हणजे म्हैस मांजराच्या दारात उभी केल्यासारखं. दुसऱ्या दुकानात म्हणाले, "टॅक्सची सही करायची ना काका? हा घ्या पेन ड्राइव्ह." तिसऱ्यानं दुकानात कार्ड घासायचं यंत्रच काढलं.

"कसलं दुकान टाकताय, बाबा?"

"कुलपांचं," आबा गंभीरपणे म्हणाला.

"चांगलं चालेल."

"चालाले काय व्हयनं? चावीच कोनले देवानी नही!"

दुकानदार आमच्याकडे बघतच राहिला आणि आम्ही दोघं पायरीवर बसून हसत सुटलो. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. एकमेकांना उठवून उसाच्या रसाच्या गाड्यावर गेलो आणि तिथे एका लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर यादी केली. रीडर पूर्ण आकाराचं कार्ड घेणारा हवा. आमच्या कॉम्प्युटरवर फुकटवाली प्रणाली होती, तेव्हा वेगळी सीडी न घालता चालणारा हवा. आम्ही सगळ्यांत लांबलचक चाव्या घ्यायचं ठरवलं होतं, आणि काही स्वस्त रीडर लांब चावीला मधेच धापा टाकतात असं मी वाचलं होतं, तेव्हा दमाचा हवा. इथपर्यंत आमचं एकमत होतं.

"आन् बटनं," आबा म्हणाला.

"बटणं कशाला?"

"पिन दाबाले."

कार्ड उघडायला सहा आकडी पिन लागतो. साध्या रीडरला बटणं नसतात, पिन कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर टाकायचा. दुसऱ्या जातीच्या रीडरला स्वतःची आकड्यांची बटणं आणि इवलासा पडदा असतो, पिन तिथंच दाबायचा.

"आबा, जितके भाग जास्त तितकी दुरुस्ती जास्त. बटणं झिजतात. धुळ्याची धूळ जाते आत. खात्यात काय शिकलास?"

"खातामा हाईच शिकनू. कीबोर्डनी तारमा कोन बशेल शे, तुले काय ठावं? आपन बठात ना इतला वरीस. कोनले पत्ता लागना का?"

"आता कोण बसतंय तुझ्या तारेत?"

"तुनासारखा एखादा!"

पुन्हा हसणं. रसवाल्यानं न मागता आणखी दोन ग्लास भरले, बहुतेक आम्ही लवकर उठावं म्हणून. पण मला आतून राग आला होता. आबाचं म्हणणं बरोबर होतं आणि ते मला सुचलं नव्हतं. मग मी हट्टालाच पेटलो. त्याच्या रीडरला मी कॅल्क्युलेटर म्हणू लागलो, तो माझ्याला साबणदाणी म्हणू लागला. शेवटी धुळ्यातल्या एका मोबाइल दुरुस्तीवाल्या भाईंनी दोन्ही मागवून दिले. पाकिटं आमच्या हातात देताना त्यांनी विचारलं, "चाचा, आप दोनों ऐसा क्या छुपा रहे हो?"

"ठेचानी रीत," आबा म्हणाला.

ते अगदीच खोटं नव्हतं. माझं पहिलं कुलूपबंद पत्र असं होतं: "शेजाऱ्यानं पुन्हा मोटारसायकल माझ्या दारात लावली आहे." तीन मिनिटांत जळगावात उत्तर आलं. मी कार्ड घातलं, पिन टाकला, जगातली कुठलीही ताकद जे उघडू शकली नसती ते उघडलं. आत दोनच शब्द होते. "हवा सोड." मी खुर्चीत एवढा हसलो की बायको आतून झारा घेऊन धावत आली. तिकडे आबाच्या सुनेला वाटलं की सासरे कॉम्प्युटरवर काहीतरी नको ते बघायला लागले आहेत. तिनं मला फोन करून हळूच विचारलंसुद्धा. "नाना, आबा खोलीत एकटेच खिदळत असतात हो. काही काळजीचं नाही ना?"

चावी तयार करताना मात्र आबा अडखळला होता. चावी कॉम्प्युटरवर बनवून, तिची एक प्रत जपून ठेवून मग कार्डात टाकता येते. नाहीतर ती कार्डातच जन्माला घालायची, मग तिची प्रत कुठेच नसते. मी म्हणालो, "प्रत काढलीस तर ती चावी कसली? कार्डातच बनव." माझ्या शब्दावर त्यानं ती कार्डातच बनवली.

काही महिन्यांनी मला कळलं की आबा फक्त मला लिहीत नाही. रोज सकाळी चहानंतर तो अक्काला पत्र लिहितो. आज भाजी काय होती, सुनेनं ज्वारीच्या बिबड्या वाळत घातल्या त्या तुझ्या पापडांसारख्या पातळ नाहीत, वांगी महाग झाली, असं. लिहून झालं की स्वतःच्याच कुलपानं बंद करायचं. घरात कॉम्प्युटर एकच, मुलगा-सून दोघंही तो वापरणार, आणि म्हाताऱ्या माणसानं मेलेल्या बायकोला पत्र लिहिलेलं पोरांना दिसावं हे त्याला जड जात होतं. रविवारी तो कार्ड घालून एक जुनं पत्र उघडायचा आणि वाचायचा. त्याचा आठवडा त्या रविवारवर उभा होता.

"काय लिहितोस एवढं?" मी विचारलं.

"तुनाबद्दल बी लिखस तिले," तो म्हणाला आणि डोळे मिचकावले.

"काय?"

"ते कुलूपमा शे."

पुढचे दोन महिने हे वाक्य माझ्या कानात हँडसेटसारखं अडकून राहिलं. आमच्या चाळीस वर्षांच्या मैत्रीत त्यानं माझ्याबद्दल अक्काला काय सांगितलं असेल? मी फार वेळ लाइनवर कान ठेवायचो, ते तर नसेल?

हिवाळ्यात मी धुळ्याला गेलो. भरिताचे दिवस होते. सून माहेरी चाळीसगावला गेली होती, मुलगा सुट्टीच्या दिवशीही कामावर. आबानं स्वतः वांगी भाजली, आणि मग त्याला आठवलं की घरात शेव नाही. भरिताबरोबर रस्सा आणि रशात शेव असल्याशिवाय तो जेवायला बसत नसे.

"बठ. मी आत्ते उनू," म्हणून तो चपला घालून गेला.

कॉम्प्युटर चालू होता. बटणवाला रीडर टेबलावर, कार्ड आत. रविवारच होता. पडद्यावर पत्रांची लांब रांग, प्रत्येकाला तारखेचं नाव. मी उगाच शेवटच्या पत्रावर टिचकी मारली. रीडरच्या पडद्यावर पिन मागितला गेला.

मी इतकंच म्हणेन की मला त्या क्षणी वाईट काही करतोय असं वाटलं नाही. उलट उकळ्या फुटत होत्या. पिन सहा आकडी, आणि आबाच्या आयुष्यातले सगळे सहा आकडी नंबर मला तोंडपाठ. आम्ही टेलिफोनची माणसं. आम्हाला पोरांचे वाढदिवस आठवत नाहीत पण कुणाचा नंबर बदलून काय झाला ते आठवतं. आमच्यातला एकही माणूस लग्नाची तारीख पिन म्हणून ठेवणार नाही, तो नंबरच ठेवील, याची मला खात्री होती. मी त्याच्या घरचा जुना नंबर दाबला. चूक. हसलो. एक्स्चेंजमधला आमचा तपासणीचा नंबर दाबला. चूक. मग मला एकदम उजेड पडला. अक्काच्या माहेरी गावात एकच फोन होता, किराणा दुकानात, त्यावर आबा लग्नाआधी तिला बोलवून घ्यायचा. त्या नंबराला सहा आकडी रूप नंतर आलं, तेही मला पाठ. टाळी वाजवून मी तो दाबला.

तोही चूक. आणि पिन बंद पडला. तीन चुकांनंतर कार्ड स्वतःला कुलूप लावून घेतं, हे मला माहीत होतं. मीच आबाला ते समजावलं होतं.

अजूनही वाचता आलं असतं. बंद पिन पुन्हा सुरू करायला मालकाचा आठ आकडी पिन असतो. आबा परत आल्यावर "अरे, मी चाळा केला, तेवढं सुरू कर" म्हटलं असतं तर त्यानं दोन शिव्या देऊन सुरू केलं असतं. पण मला ते त्याच्या येण्याआधी निस्तरायचं होतं. कारखान्यातून येतो तो मूळ आकडा टाकला. चूक. एसटीडी कोडासकट घरचा नंबर टाकला, त्यातले कुठले आकडे गाळायचे याचा हिशोब बोटांवर करत. चूक. खाली जिन्याशी चपलांचा आवाज आला. घाईनं तिसरा टाकला, सुचला तो. रीडरच्या इवल्या पडद्यावर शब्द बदलले. त्या कार्डातली चावी आता कुणालाच, आबालासुद्धा, मिळणार नव्हती. आणि तिची प्रत कुठेच नव्हती.

आबा आत आला. हातात शेवेची पुडी, तेलानं कागद पारदर्शक झालेला. मला पत्र दाखवायचं त्याच्या मनात असावं, कारण तो थेट टेबलाशी आला.

"थांब, आज तुले एक वाची दाखाडस. तुनाबद्दलच शे." त्यानं पिन दाबला. मग पुन्हा दाबला. चष्मा पुसला. "नाना, हाई काय व्हयनं?"

आणि माझ्या तोंडून निघालं, "मी सांगत होतो ना आबा. बटणवाले रीडर कधी कधी पिनची लांबी चुकीची पाठवतात. दोन-तीनदा पाठवली की कार्ड खलास. तुझ्या कॅल्क्युलेटरनं खाल्लं ते."

लांबीच्या घोटाळ्याबद्दल मी खरंच कुठेतरी वाचलं होतं. म्हणून ते इतक्या सहज जमलं.

"बठ्ठं गयं का?"

"बहुतेक."

तो खुर्चीवर बसला. पुडी अजून हातातच होती. मला वाटलं तो संतापेल, रीडर आपटेल. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मनीच चूक शे, नाना. तू सांगे, मी ऐकं नही." वर मलाच थोपटलं, माझा चेहरा पडलेला बघून. "चल. जेवन थंडं व्हई ऱ्हायनं."

त्या दिवशीचं भरीत मी दोनदा वाढून घेतलं. नाही म्हणण्याची हिंमत नव्हती.

त्यानंतर आबानं नवं कार्ड घेतलं, माझ्यासारखी साबणदाणी घेतली आणि अक्काला पत्र पुन्हा पहिल्यापासून लिहायला सुरुवात केली. जुनी शेकडो पत्रं कॉम्प्युटरवर तशीच राहिली, बंद. मग आणखी एक गोष्ट झाली, ती मला सर्वांत जड गेली. हा माणूस वस्तू निवडण्यात पटाईत. खात्यात पक्कड घ्यायची तरी लोक आबाला विचारायचे. तो आता मला फोन करू लागला. "नाना, मिक्सर कोनता लेऊ?" "नाना, पंखा तीन पात्यांना का चार पात्यांना?" "मनी निवड खराब शे. आते तूच सांग." हे तो हसत म्हणायचा. मीही हसायचो. मिक्सर निवडून द्यायचो.

वर्षभरानं मी माफीचं पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, सहाही आकडे क्रमानं. माझ्या कॉम्प्युटरवर आबाची दोन कुलपं होती, मेलेलं जुनं आणि चालतं नवं. पाठवताना मी जुनं निवडलं. चुकून नाही. माफी मागितल्यासारखंही झालं आणि कळलंही नाही, अशी सोय मी करून घेतली. अर्ध्या तासात फोन.

"येडा व्हयना का तू? तुनं पत्र जुना कुलूपमा उनं. परत धाड."

"काही विशेष नव्हतं रे."

"तरी?"

"भरिताचं लिहिलं होतं."

"म्हातारा व्हयना गड्या तू!" तो खदखदून हसला, इतका की मलाही हसू आलं. दोघं फोनवर दोन-तीन मिनिटं नुसते हसत होतो, वेगवेगळ्या गोष्टींवर. असं मी आणखी तीनदा केलं. दर वेळी तेच पत्र, तेच कुलूप, तोच फोन. शेवटी धुळ्याहून आलेल्या एका पत्रात त्यानं मला पायरी पायरीनं समजावलं की योग्य कुलूप कसं निवडायचं. ते मी नीट उघडलं, नीट वाचलं, आणि "समजलं" असं उत्तर पाठवलं.

मागच्या हिवाळ्यात आबा गेला. झोपेतच, कुणाला त्रास न देता. मी दहाव्याला धुळ्याला गेलो. सून बाहेर येऊन माझ्याजवळ बसली. म्हणाली, "नाना, इन्व्हर्टर घ्यायचाय. आबा सांगून गेलेत, घरात काही घ्यायचं तर नानांना विचारा, माझी निवड चुकते." मी तिला खरं काय ते सांगायला तोंड उघडलं आणि बॅटरी किती मोठी हवी ते सांगितलं.

ती हे वाचेल. वाचावं म्हणूनच लिहिलं. ज्याच्यासाठी होतं तो मात्र वाचणार नाही. तरी ते पत्र इथे एकदा कुलपाशिवाय उतरवून ठेवतो, त्यातले आकडे तेवढे गाळून.

आबा, तुझा रीडर चांगला होता. माझ्यापेक्षा चांगला होता. तू म्हणालास तसा कुणीतरी तुझ्या तारेत येऊन बसला, त्याला त्यानं आत येऊ दिलं नाही, तीनदा नाही, सहादा. तो बसणारा मी होतो. तुझी निवड चुकली नव्हती. अक्काची पत्रं मी घालवली. मला माफ कर.